विश्लेषण : ऐन मेमध्ये गारवा… पाथरीकरांना दिलासा की फसवा पाऊस?

उन्हाळ्यातला ढगाळ, वाऱ्याचा आठवडा अंगाला सुखावतो. पण वाळत घातलेली हळद, झाडावरचा आंबा आणि पेरणीचा निर्णय या तिन्हींची तो परीक्षा पाहतो. या नुकसानीची नोंद मात्र सरकारी पट्टीत क्वचितच बसते.

गोदावरीकाठच्या सपाट, काळ्या मातीच्या पाथरी तालुक्यात मे म्हणजे दुपारी रस्ते ओस पडण्याचा महिना. परभणी जिल्ह्यात या दिवसांत पारा एरवी ४१-४२ अंशांच्या आसपास असतो. मात्र २०२५ चा मे वेगळा ठरला. मराठवाड्यात पहिल्या पंधरवड्यापासूनच वादळी वारे, ढग आणि सरींचा फेरा सुरू झाला. देशभरात त्या महिन्यात सरासरी १२६.७ मिलिमीटर पाऊस पडला. हवामान विभागाच्या नोंदींनुसार १९०१ नंतरचा हा सर्वाधिक ओला मे होता.

मैदानात मेमध्ये गारवा कसा येतो?

उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. एरवी ती कोरडी असल्याने ढग होत नाहीत. अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागरावरून बाष्प आले, की दुपारनंतर उंच ढग तयार होतात. त्यांतून पडणाऱ्या पावसाचे काही थेंब वाटेतच वाफ होतात आणि भोवतालची हवा थंड करतात. ही थंड, जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आडवी पसरते. पावसाआधी सुटणारा गार, धुळीचा वारा तो हाच. ढगांमुळे दिवसाचे तापमान उतरते, पण रात्री तेच ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात. म्हणून अशा आठवड्यात दुपार सुसह्य होते आणि रात्र दमट राहते.

मे २०२५ च्या उत्तरार्धात यात कोकण किनाऱ्याजवळच्या कमी दाबाच्या क्षेत्राची भर पडली. त्याची तीव्रता वाढून २४ मे रोजी ते रत्नागिरी-दापोली दरम्यान किनारा ओलांडून आत आले आणि राज्यभर पाऊस झाला.

हा पाऊस पेरणीचा असतो का?

इथेच फसगत होते. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. रोहिणी नक्षत्रातच पाऊस आल्याने मृगाची वाट कशाला पाहायची, असे अनेकांना वाटणे स्वाभाविक होते. पण महिनाअखेरीस मान्सूनची वाटचाल अडखळली, ती जूनच्या मध्यापर्यंत. अशा खंडात उगवलेले सोयाबीन माना टाकते आणि दुबार पेरणीचा खर्च बोकांडी बसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेल्याशिवाय पेरू नये, हा सल्ला त्यासाठीच असतो. कापसाचे दुखणे आणखी वेगळे. जूनपूर्वी लावलेल्या कापसावर गुलाबी बोंडअळीला लवकर आसरा मिळतो आणि पुढे शिवारभर प्रादुर्भाव वाढतो.

फायदा काहीच नाही का?

आहे. उसाची एखादी पाळी वाचते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरील लाभक्षेत्रात पाण्याची मागणी काही दिवस कमी होते. जनावरांना उकाड्यातून सुटका मिळते. मात्र नांगरून टाकलेल्या रानाला कडक उन्हाची गरज असते. ढेकळे तापली तर किडींचे कोष आणि तणांच्या मुळ्या मरतात. ओल्या आठवड्याने हे तापणे मोडते आणि तण आधीच उगवते.

नुकसान नेमके कुठे होते?

सर्वाधिक खळ्यावर. परभणी-हिंगोली पट्ट्यात हळद काढून, शिजवून उन्हात वाळत घालण्याचे काम मेपर्यंत चालते. वाळायला साधारण पंधरवडा लागतो. या काळात एखादी सरही हळद काळपट करते, बुरशी धरते आणि वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात भाव पाडते. वाऱ्याने गावरान आंबा झडतो, केळी आडवी होते. काढून ठेवलेला कांदा सडतो. वीज पडून माणसे आणि बैल दगावतात, ते निराळेच.

मग भरपाई का मिळत नाही?

कारण मोजण्याची पट्टी खळ्यापर्यंत पोहोचत नाही. अतिवृष्टी मोजताना महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस हा निकष लागतो. हळद बिघडवायला दहा मिलिमीटरही पुरतात. अवकाळीच्या मदतीसाठी पंचनामा होतो, पण त्यात शेतातील पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान दिसावे लागते. हळद तर शेतातून केव्हाच निघालेली असते. पीक विम्यात काढणीपश्चात नुकसानीचे कलम होते, तेही कापून शेतात पसरलेल्या पिकापुरते आणि १४ दिवसांच्या मुदतीचे. राज्याने २०२५ च्या खरिपापासून ते वगळले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातील उत्पन्नाशी जोडली. थोडक्यात, वर्षभराची मेहनत शेवटच्या पंधरवड्यात भिजली, तर कागदावर नुकसान शून्य.

काय करता येईल?

अंदाजाची उणीव आता तेवढी राहिलेली नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. उणीव आहे ती अंदाजावर कृती करण्याच्या साधनांची. ढग येणार हे दोन दिवस आधी कळूनही वीस-पंचवीस क्विंटल हळद झाकायला ताडपत्री, उचलायला मजूर आणि ठेवायला जागा नसेल, तर तो अंदाज कोरडाच ठरतो.

म्हणून भरपाईच्या निकषांत खळ्यावरील मालाची स्वतंत्र नोंद हवी, आणि गावपातळीवर वाळवणीचे सामायिक ओटे, शेड व वाळवणी यंत्रांसाठी अनुदान हवे. पंचनाम्यावर दरवर्षी होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च अधिक टिकाऊ ठरेल. खोटे दावे वाढतील, ही भीती अगदीच निराधार नाही. पण मंडळातील पावसाची नोंद, पीक पाहणीतील हळदीचे क्षेत्र आणि बाजार समितीतील विक्रीपट्टी यांचा ताळा घातला, तर ती बरीच आवरता येते.

उन्हाळ्यातला गार आठवडा यापुढेही येत राहील. शहरात त्याचे स्वागत पंखा बंद करून होते. पाथरीच्या शिवारात त्याच वेळी कुणीतरी ताडपत्रीचे टोक धरून वाऱ्याशी झटत असते. धोरणाने बघायला हवे ते त्या टोकाकडे.