विश्लेषण: गुणतालिकेत पहिला, तरी बढती नाही! नाशिकच्या संघाला आयएसएलपर्यंत पोहोचायचं असेल, तर वाट किती लांब?

६ एप्रिल २०२५. आय-लीगच्या हंगामाचा शेवटचा दिवस. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने श्रीनगरमध्ये रिअल काश्मीरशी १-१ अशी बरोबरी साधली आणि ४० गुणांसह गुणतालिकेत पहिलं स्थान मिळवलं. इंटर काशीचे गुण होते ३९. आय-लीग जिंकणाऱ्या क्लबला इंडियन सुपर लीग, म्हणजेच आयएसएलचं दार उघडतं. त्यामुळे चर्चिलच्या चाहत्यांसाठी हा एका चषकापेक्षा मोठा क्षण होता.

पण १८ जुलैला विजेता ठरला तो इंटर काशी. निकाल मैदानावर लागला नाही. तो स्वित्झर्लंडमधील लोझान इथल्या क्रीडा लवादाने, म्हणजेच ‘कॅस’ने दिला.

साडेतीन महिन्यांत असं काय झालं? भारतात खालच्या लीगमधून वर जाणं इतकं अवघड का आहे? आणि उद्या नाशिकच्या एखाद्या क्लबने हे स्वप्न पाहिलं, तर त्याच्या चाहत्याने नेमकं कशाकडे लक्ष ठेवायचं?

चर्चिल आणि इंटर काशी प्रकरण काय होतं?

वादाचं मूळ जानेवारी २०२५ मधल्या एका सामन्यात होतं. नामधारी एफसीने इंटर काशीला २-० असं हरवलं. मात्र नामधारीने खेळण्यास अपात्र असलेला खेळाडू उतरवला, अशी तक्रार इंटर काशीने केली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजेच एआयएफएफच्या शिस्तपालन समितीने ती मान्य करून इंटर काशीला ३-० असा विजय दिला. त्यानंतर अपील समितीने हा निर्णय फिरवला. हंगाम संपला तेव्हा नेमके किती गुण धरायचे, हेच नक्की नव्हतं.

एप्रिलमध्ये महासंघाने चर्चिलला विजेता घोषित केलं. इंटर काशी कॅसमध्ये गेली. जूनमध्ये कॅसने नामधारीविरुद्धच्या सामन्याचे तीन गुण इंटर काशीला दिले आणि त्यांचे गुण झाले ४२. इंटर काशीने एका परदेशी खेळाडूची पुन्हा केलेली नोंदणी बेकायदा आहे, असा दुसरा आक्षेप होता. जुलैमध्ये तोही इंटर काशीच्या बाजूने निकाली निघाला.

नियमांच्या कसोटीवर पाहिलं, तर इंटर काशीने आपला हक्क मागितला आणि तो त्यांना मिळाला. त्यांच्या चाहत्यांनीही हे महिने टांगणीवरच काढले. पण चर्चिलच्या समर्थकाचा प्रश्नही चुकीचा नाही. जानेवारीतल्या सामन्याचा अंतिम निकाल जूनमध्ये लागत असेल, तर मधले सामने कोणत्या गुणतालिकेकडे पाहून खेळायचे? बरोबरी पुरेशी आहे की जिंकणं भाग आहे, हे संघाला आणि प्रशिक्षकाला आधी माहीत असायला हवं.

बढतीची शिडी आहे तरी कशी?

इंग्लंडमध्ये ही शिडी शंभराहून अधिक वर्षांत तयार झाली. तिथे वरच्या चार स्तरांखालच्या क्लबांना ‘नॉन-लीग’ म्हणतात. ल्युटन टाउन २००९ मध्ये या नॉन-लीगमध्ये घसरला, २०१४ मध्ये बाहेर आला आणि २०२३ मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खाली गेला. रेक्सहॅम १५ वर्षं पाचव्या स्तरावर अडकला होता. तिथून तो सलग तीन बढत्या मिळवून २०२५ मध्ये दुसऱ्या स्तरावर आला. पाचव्या स्तरावरून दरवर्षी फक्त दोनच संघ वर जातात. ते तीन करावेत, अशी मोहीम सध्या तिथे सुरू आहे. म्हणजे जुन्या शिडीवरही पायऱ्यांवरून भांडण आहेच. पण वर जाणाऱ्यासाठी जागा आहे आणि खाली येणाऱ्याला यावंच लागतं, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलं आहे.

भारतात कागदावर अशीच रचना आहे. सर्वात वर आयएसएल. तिच्याखाली आय-लीग, मग आय-लीग २ आणि २०२३-२४ पासून आय-लीग ३. त्याच्याही खाली राज्यांच्या लीग. महाराष्ट्रात हे काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच ‘विफा’ पाहते. तिच्याखाली जिल्हा संघटना येतात.

म्हणजे नाशिकच्या क्लबला जिल्ह्यातून राज्य स्तरावर जावं लागेल. तिथे चमकून राज्य संघटनेमार्फत आय-लीग ३ मध्ये नाव जायला हवं आणि त्यानंतर तीन बढत्या मिळवायला हव्यात. प्रत्येक वर्षी एक बढती मिळाली, असं गृहीत धरलं, तरी पाच-सहा वर्षं लागतात. इतकी वर्षं एकही हंगाम वाया जाऊ न देणं फार थोड्या क्लबांना जमतं.

आतापर्यंत कोणाला जमलं?

२०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने भारतासाठी एक आराखडा मंजूर केला. त्यानुसार २०२२-२३ पासून आय-लीग विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळणार होती आणि २०२४-२५ पासून आयएसएलमधून घसरणही सुरू होणार होती. पहिला भाग अंमलात आला. २०२२-२३ चा विजेता राउंडग्लास पंजाब आणि २०२३-२४ चा विजेता मोहम्मेडन स्पोर्टिंग हे दोन्ही क्लब वर गेले. दुसरा भाग मात्र २०२४-२५ संपला तरी कागदावरच राहिला.

त्याआधीची स्थिती आणखी विचित्र होती. मिझोरामचा आयझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली गेला, त्याला पुन्हा सामावून घेतलं गेलं आणि २०१६-१७ मध्ये त्याने चक्क विजेतेपद पटकावलं. पण तेव्हा आयएसएलचं दार बंद होतं. त्याच सुमारास आयएसएलला वरचा दर्जा देण्याच्या आराखड्याचा निषेध म्हणून गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी आय-लीग सोडली. पाच वेळा राष्ट्रीय विजेता राहिलेला धेंपो पुढे आय-लीग २ मधून बढती मिळवत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. जिथे तो एकेकाळी राजा होता, तिथे पोहोचायलाच त्याला आठ वर्षं लागली.

झपाट्याने वर येण्याचं उदाहरणही आहे. खासदार अभिषेक बॅनर्जी यांच्या पुढाकारातून २०२२ मध्ये उभ्या राहिलेल्या बंगालच्या डायमंड हार्बर एफसीने २०२४-२५ मध्ये आय-लीग ३ आणि आय-लीग २ अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्यानंतर ड्युरँड चषकाची अंतिम फेरीही गाठली. मागे पैसा, पाठबळ आणि बंगालसारखी फुटबॉलची जमीन असेल, तर शिडी चढता येते, हे त्यातून दिसलं.

महाराष्ट्रात अडतं कुठे?

महाराष्ट्रात क्लब कमी झाले नाहीत, ते टिकले नाहीत. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. २०१५ नंतर त्याचा वरिष्ठ संघ राहिला नाही. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ नंतर दिसेनासे झाले. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबईचा केंकरे एफसी आय-लीगपर्यंत पोहोचला, पण २०२२-२३ मध्ये खाली घसरला. आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा म्हणून उरला तो एकटा मुंबई सिटी.

यातल्या अनेक संघांच्या मागे उद्योगसमूह होते. समूहाचा रस किंवा पैसा आटला की संघ गेला. चाहत्याच्या हातात उरली ती जर्सी.

याउलट चित्र कोल्हापूरचं आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगला शाहू स्टेडियम भरतं आणि दोन पेठांचा सामना असला की गावात दुसरा विषय नसतो. इथे संघ बंद करणारा मालकच नाही. १७ वर्षांखालील विश्वचषक २०१७ मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. पण खेळाडू वर गेले, तरी तालमी वर गेल्या नाहीत. राष्ट्रीय लीगसाठी परवाना लागतो. त्यासाठी प्रशिक्षित मार्गदर्शक, युवा संघ, निकषात बसणारं मैदान आणि आर्थिक ताळेबंद दाखवावा लागतो. शिवाय देशभर प्रवासाचा खर्च असतो. वर्गणी आणि स्थानिक पुरस्कर्ते यांच्यावर चालणाऱ्या तालमीला हे झेपणं कठीण आहे.

थोडक्यात, एकीकडे पैसा होता पण मुळं नव्हती, दुसरीकडे मुळं आहेत पण पैसा नाही.

नाशिकचा यात काय संबंध?

नाशिक हे क्रिकेटवेडं शहर. जानेवारी २०२५ मध्ये गोल्फ क्लबच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध बडोदा हा रणजी सामना झाला. नाशिकचा डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव महाराष्ट्राच्या संघातून खेळतो. क्रिकेटमध्ये नाशिकच्या मुलाला वर जाण्यासाठी नाशिकचा क्लब वर जावा लागत नाही. जिल्ह्यातून राज्य संघ आणि तिथून पुढे, अशी खेळाडूची शिडी तयार आहे.

फुटबॉल मात्र जगभर क्लबवर चालतो. शहराचा क्लब नसेल, तर मुलाला चौदा-पंधराव्या वर्षी मुंबई-पुण्याच्या अकादमीची वाट धरावी लागते. ज्या घराला तो खर्च परवडत नाही, तिथला मुलगा तिथेच थांबतो. म्हणून बढतीचा प्रश्न फक्त चाहत्यांच्या हौसेचा राहत नाही. रात्री जागून लिव्हरपूल किंवा आर्सेनलचे सामने पाहणारी पोरं नाशिकमध्येही आहेत. त्यांना स्वतःच्या गावाचा संघ मात्र नाही.

पुढे काय?

१९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला काही बदलांसह मंजुरी दिली. देशातील सर्वोच्च लीगमध्ये बढती आणि घसरण असावी, हे तत्त्व त्या घटनेत आहे. दुसरीकडे आयएसएलचा २०२५-२६ हंगाम व्यावसायिक करार संपत आल्यामुळे वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. अखेर केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडवीय यांनी १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ क्लबांसह ती सुरू होईल, असं जाहीर केलं. जिथे वरची लीगच महिनोन्महिने ठप्प होते, तिथे खालच्या संघाने वर्षानुवर्षांचं नियोजन कशाच्या भरवशावर करायचं, हा खरा प्रश्न आहे.

तोपर्यंत खालच्या लीगमधल्या चाहत्याला एकाच वेळी तीन तक्ते पाहावे लागतील. पहिला गुणांचा, दुसरा परवान्याच्या अटींचा आणि तिसरा क्लबच्या जमाखर्चाचा. महिंद्रा आणि पुणे एफसी तिसऱ्या तक्त्यात हरले, कोल्हापूरच्या तालमी दुसऱ्यातच अडतात. चर्चिलच्या चाहत्याला तर चौथाही तक्ता पाहावा लागला, तो तारखांचा. नाशिकमध्ये उद्या कोणी क्लब उभा केलाच, तर ‘आपण कधी वर जाणार’ या प्रश्नाआधी ‘पाच वर्षांनी हा संघ असेल का’ हे चाहत्यांनी विचारायला हवं. त्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर पहिली बढती तिथेच मिळालेली असेल.