अर्ध्या पावलाचा हिशेब



शेतकऱ्याचा पाय अपघातात गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून १ लाख रुपये मिळतात. तोच पाय साखरेच्या आजाराने कापावा लागला, तर छदामही नाही. कारण काय, तर तो अपघात नव्हे! आम्ही विचारतो, पाय कशाने गेला हे बघून का भात पिकते?

शीळफाट्याकडे बघा. शीळ, डायघर, खिडकाळी, देसई या गावांभोवती रस्ते, गोदामे आणि टॉवर उभे राहिले. पण ज्याच्याकडे खाचर उरले आहे, त्याला आवणीला चिखलात अनवाणीच उतरावे लागते. मधुमेहाने पायाची जाणीव जाते, रक्त पोचेनासे होते. काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. मग बोटे काढतात, नाही तर पुढचे अर्धे पाऊल. वर सगळे म्हणतात, थोडक्यात निभावले, पाय वाचला!

काय वाचले? चालताना रेटा देणारा भागच गेला. निसरड्या बांधावर तोल राहत नाही. उरलेल्या पावलावर भार वाढून नवी जखम होते आणि पुष्कळांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते. फाट्यावर गाड्यांच्या रांगेतून रस्ता ओलांडायचा म्हटले तरी जीव मुठीत. घरातल्या बाईवर दुप्पट काम पडते आणि कर्ता माणूस ओटीवर बसून राहतो. २०१७ साली परदेशी संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अर्धे पाऊल गेलेल्यांचे जीवनमान गुडघ्याखाली पाय गेलेल्यांच्या जवळपास सारखेच निघाले.

सरकारी तक्त्याला हे दिसत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व लागते. नुसती बोटे गेली तर आकडा तेथवर पोचत नाही. खुर्चीवर बसणाऱ्याचा पाय आणि चिखलात उभे राहणाऱ्याचा पाय एकाच फुटपट्टीने मोजायचा, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, पथ्य पाळले नाही, भोगा. पथ्य पाळलेच पाहिजे. पण २०२३ च्या देशव्यापी पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. शहरात शंभर प्रौढांमागे सुमारे १६, खेड्यात सुमारे ९. एवढ्या सगळ्यांना बेशिस्त ठरवून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

उपाय महागडे नाहीत. पायाची जाणीव तपासायला नायलॉनचा एक तंतू पुरतो. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल आपल्याच देशात, वेल्लोरला, कुष्ठरुग्णांचे पाय वाचवण्यासाठी वापरात आली.

जिल्हा बैठकीत आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक उपकेंद्रात मधुमेह्याचे पाय वर्षातून एकदा तरी तपासावेत.
२. बोटे किंवा अर्धे पाऊल गेलेल्याला योग्य पादत्राणे फुकट द्यावीत व झिजताच बदलून द्यावीत.
३. अपंगत्वाचा दाखला देताना माणसाचे काम विचारात घ्यावे.
४. आजाराने पाय गेलेल्या शेतकऱ्यालाही अनुदान मिळावे.

मागण्या मान्य होईतो गप्प बसायचे नाही. आणि आजपासून रोज रात्री आपल्या घरातल्या मधुमेह्याचे तळवे दिव्याजवळ धरून बघायचे. बैलाचा खूर आपण बघतो, मग माणसाचा पाय का नाही?