धूळ आजची, दम दहा वर्षांनंतरचा

रायपूर सोडून गाडी बिलासपूरच्या दिशेने निघाली, की उरला आणि सिलतराची धुराडी दिसू लागतात. तिथल्या पोलाद कारखान्यांतील इंडक्शन भट्ट्यांना आतून गारगोटीच्या भुकटीचे अस्तर लागते. कारखान्यात तिला 'रॅमिंग मास' म्हणतात. गारगोटी म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. ती दळणारा, पोत्यांत भरणारा, झिजलेले अस्तर फोडून काढणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो.

ठसका लावणारी जाड धूळ नाकाघशात अडकते. घातक असते ती डोळ्यांना न दिसणारी, मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही बारीक. ती थेट फुफ्फुसाच्या तळाशी, वायुकोशांत पोचते. शरीराच्या रक्षक पेशी तिला गिळतात. पण सिलिका पचत नाही. पेशीच मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळायला धावते. प्रत्येक फेरीत व्रण वाढतो. व्रणांच्या गाठी होतात, गाठी एकमेकींत मिसळतात आणि मऊ फुफ्फुस निबर होत जाते. बेताच्या धुळीत याला दहा-वीस वर्षे लागतात, जास्त धुळीत पाच ते दहा. बंद शेडमध्ये गारगोटी दळणाऱ्याला तर काही महिन्यांतही सिलिकोसिस गाठू शकतो. काम सोडले तरी तो थांबत नाही, कारण धूळ आतच राहिलेली असते. तो बरा करणारे औषध नाही. शिवाय क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. काम कोणते केले, हे विचारायचे राहून जाते.

खरी गोम इथेच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस कळवण्याजोगा रोग ठरवला होता. पण कळवणार कोण आणि कोणाविषयी? दम लागेपर्यंत मजूर गावी गेलेला असतो आणि हजेरीपत्रकावर त्याचे नावही सापडत नाही. गुजरातेतील गारगोटीच्या गिरण्यांत मध्य प्रदेशातील आदिवासी मजुरांचे हेच झाले. २००६ सालच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. दहा वर्षे! तोवर मागणारेच किती उरले असतील?

आम्हा कायम कर्मचाऱ्यांचे सर्व्हिस बुक असते, वैद्यकीय तपासणीची नोंद असते. आमच्याच रुळांसाठी दगड फोडणाऱ्या, खडी चाळणाऱ्या ठेकेदारी मजुराजवळ काय असते? तोंडाला बांधलेला गमछा, आणि तो ही धूळ अडवत नाही. पाण्याचा फवारा आणि दळणाच्या जागी धूळ ओढून घेणारी यंत्रणा हाच खरा उपाय. तो मालकाच्या खर्चाचा आहे, म्हणून टळतो.

कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी छातीचा क्ष-किरण फोटो काढावा, आणि तो फोटो व हजेरीचा दाखला मजुराच्याच हाती द्यावा, ही मागणी युनियनने आपल्या मागणीपत्रात वरच्या क्रमांकावर घ्यावी. टपाल खात्यातील साथींचेही इथे काम आहे. मनीऑर्डर घ्यायला उंबऱ्यापर्यंत येताना धापा टाकणारा तरणा माणूस सर्वांत आधी पोस्टमनला दिसतो. त्याला एवढेच विचारा: बाबा, कोणत्या कारखान्यात होतास, आणि कोणत्या साली?