रहीमसाहेबांची शाळा



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवरचे तरुण शिक्षक दिवेलागणीच्या वेळी माझ्याकडे आले. त्यांच्या काखेत हवा गेलेला फुटबॉल होता आणि हातात शिटी. दोन्ही वस्तू माझ्या मेजावर ठेवून ते म्हणाले, "फादर, हे आपल्यापाशी असू द्या. माझ्याच्याने आता होणार नाही." त्यांची मुले शेजारच्या गावातील सामन्यात नऊ गोलांनी हरली होती. निम्मी पोरे अनवाणी खेळली. पाहणारे हसले, आणि घरी परतल्यावर पालकांनी मास्तरांनाच धारेवर धरले. अभ्यास बुडवून उन्हात पळवायचे, आणि पदरात काय, तर नाचक्की! एका गृहस्थांनी तोंडावर विचारले की, मास्तर, ह्यातून तुम्हांला मिळते तरी काय?

"आणि फादर, मला उत्तरच सुचले नाही," असे म्हणून ते गप्प बसले.

खरे सांगायचे तर मलाही सुचले नाही. मी चहा मागविला आणि चहा होईपर्यंत त्यांना हैदराबादच्या एका शिक्षकाची हकीकत सांगू लागलो. चहा केव्हाच संपला, हकीकत मात्र बराच वेळ चालली. तीच आज तुमच्यासाठी लिहीत आहे.

सय्यद अब्दुल रहीम ह्यांचा जन्म 1909 साली हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि काचीगुडा, चादरघाट अशा भागांतील शाळांत शिकविले. पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रमही त्यांनी पूर्ण केला. 1950 पासून मृत्यूपर्यंत ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे मार्गदर्शक होते आणि ह्याच काळात भारतीय संघाचेही. पोलिसांच्या त्या संघाने मुंबईची रोव्हर्स स्पर्धा 1950 ते 1954 अशी ओळीने पाच वर्षे जिंकली. 1951 मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या आशियाई खेळांत त्यांच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात इराणला एका गोलाने हरवून सुवर्णपदक मिळविले. इतके यश मिळाल्यावर माणसाला वाटू लागते की आपल्याला विद्या पूर्ण अवगत झाली.

पुढल्याच वर्षी हेलसिंकीचे ऑलिंपिक आले. समोर युगोस्लाव्हियाचा संघ, हवा थंड, आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. भारत एकाविरुद्ध दहा गोलांनी हरला. माझ्यासमोर बसलेल्या मास्तरांची मान इथे प्रथम वर आली. दहा गोल, आणि तेही साऱ्या जगासमोर! मायदेशी काय बोलले गेले असेल ह्याची कल्पना करणे कठीण नाही. आपल्याकडे हरलेल्यांना सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच पडत नाही.

ह्या पराभवानंतर देशाच्या फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. पण बूट घातल्याने पाय शहाणा होत नाही, हे रहीमसाहेबांना शिक्षक म्हणून ठाऊक होते. त्यांनी जे केले ते मला फार विचार करण्याजोगे वाटते. चेंडू स्वतःपाशी ठेवून चार जणांना चकवीत जाण्याची आपल्या पोरांना मोठी हौस. ती मोडण्यासाठी त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चकविण्यास बंदीच होती, चेंडू आला की लगेच सोबत्याकडे द्यावयाचा. दुसऱ्या स्पर्धांत खेळाडूने आपला कच्चा पायच वापरावयाचा. उजव्या पायाचा बहाद्दर तिथे डाव्या पायाने धडपडे, आणि लोक हसत. त्या हशातूनच दोन्ही पायांचे खेळाडू तयार झाले. मुलाला जे येते तेच त्याच्याकडून पुनःपुन्हा करवून घेऊन वाहवा मिळविणे सोपे असते, आणि आमच्या शाळांची स्नेहसंमेलने बहुधा तशीच पार पडतात. जे येत नाही त्याच्यापाशी मुलाला धीराने बसविणे हे अवघड काम, आणि रहीमसाहेबांनी ते देशातल्या नामांकित खेळाडूंकडूनही करवून घेतले.

चार वर्षांनी, 1956 मध्ये, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा ह्यांचे होते. हे मुंबईत खेळणारे, मूळ गोव्याचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात पुन्हा गाठ पडली ती युगोस्लाव्हियाशीच. ह्या वेळी पहिला गोल भारताचा होता! तोही नेव्हिल ह्यांचाच. शेवटी सामना 4-1 असा गेला आणि भारत चौथा आला. पदक नाही मिळाले. पण चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल लादले त्यांच्यावर आघाडी घेणे, ही प्रगती गुणपत्रिकेत कोणत्या रकान्यात लिहावयाची?

त्या संघात तुलसीदास बलराम नावाचा एक अगदी तरुण खेळाडू होता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातील गरीब घरचा मुलगा. रहीमसाहेबांनी त्याला हेरले, परंतु सरावाला शहरात यावयाचे तर वाहनाला पैसे नाहीत. तेव्हा साहेब त्याला भाड्याच्या सायकलीसाठी रोजचा एक रुपया देत. रुपयाची त्या काळातील किंमत आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावी, आणि शिक्षकाच्या पगाराची तर मुळीच विचारू नये. पुढे बलराम देशाच्या सर्वश्रेष्ठ आघाडीवीरांत गणले गेले. 2023 साली ते वारले, तेव्हा त्या रुपयाची आठवण अनेकांनी काढली.

"आपण सायकलीचे भाडे दिलेत काय कधी?" मी मास्तरांना विचारले. ते ओशाळून म्हणाले, "भाडे नाही, फादर. वडापाव." म्हणजे फरक फारसा नव्हता.

आणखी एक गोष्ट मला मनोमन भावते. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही चांगले फुटबॉलपटू होते आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या संघात त्यांची निवड झाली होती. मार्गदर्शक वडील, खेळाडू मुलगा. भारत तेथे तीन सामने खेळला. हकीम एकाही सामन्यात मैदानात उतरले नाहीत. त्या घरात ह्यावर काय बोलणे झाले असेल, की काहीच झाले नसेल, मला ठाऊक नाही. गावातील एखाद्या समितीवर भाच्यापुतण्यांची वर्णी लावणाऱ्या आपणां सर्वांना (मी कोणाचे नाव घेत नाही) ते बाक डोळ्यांपुढे आणता येईल.

मग आले 1962 चे जकार्ता. यजमान इंडोनेशियाने इस्राएल व तैवान ह्यांना ह्या आशियाई खेळांपासून दूर ठेवले होते. एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याने त्याविरुद्ध आवाज उठविला आणि सारे शहर भारतीयांवर खवळले. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी जमाव आपल्या दूतावासावर चालून गेला. खेळाडूंना बाहेर पडण्याची चोरी झाली. पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून 2-0 असा हरला होता, आणि अंतिम सामन्यात पुन्हा तोच प्रतिस्पर्धी. बचाव फळीतील जर्नैल सिंग ह्यांच्या डोक्याला थायलंडविरुद्धच्या सामन्यात जखम होऊन टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्यांना विश्रांती दिली, आणि उपांत्य सामन्यात बचावातून उचलून थेट आघाडीला उभे केले. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून नुकते उठलेले. त्यांच्या गैरहजेरीत प्रद्युत बर्मन ह्यांनी गोल उत्तम राखला होता. तरी अंतिम सामन्याला उंचपुरे थंगराजच हवेत, असे साहेबांनी ठरविले. बर्मन ह्यांना बसविताना त्यांना काय वाटले असेल! पुढारीपण म्हणजे व्यासपीठावरची मधली खुर्ची, अशी आपली समजूत. मला वाटते, पुढारीपण अशाच एखाद्या रात्री कसास लागते, जेव्हा चांगल्या माणसाला नाही म्हणावे लागते.

सामन्याच्या पूर्वसंध्येला त्यांनी खेळाडूंजवळ एकच भेट मागितली, उद्याचे सुवर्णपदक. स्वतः ते तेव्हा आजारी होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना घेरले होते. सिगारेटचे त्यांना जबर व्यसन होते, आणि गुरू थोर म्हणून हा दोष झाकण्यात अर्थ नाही, आपल्या मुलांनी तोही वाचावा.

4 सप्टेंबर 1962. सुमारे लाखभर प्रेक्षक, आणि बहुतेक भारताविरुद्ध ओरडणारे. आपला कर्णधार चुनी गोस्वामी. मधल्या फळीत गोव्यातील कोलवाळ गावचे फॉर्तुनातु फ्रँको. गोवा स्वतंत्र भारतात येऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांनी पहिला गोल केला, आणि त्यानंतर तीनच मिनिटांनी दुसरा केला जर्नैल सिंग ह्यांनी, टाके घातलेल्या त्याच गड्याने. कोरियाने अखेरीस एक गोल फेडला, पण भारत 2-1 असा जिंकला. त्यानंतर आजवर आशियाई खेळांतील फुटबॉलचे सुवर्ण भारताच्या वाट्याला आलेले नाही.

11 जून 1963 रोजी रहीमसाहेब हैदराबादेत वारले. ते जाऊन साठ वर्षे उलटल्यावर, 2024 साली, त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि आता पोरांना नटाचे नाव ठाऊक आहे, साहेबांचे विचारावे तर आठवावे लागते. फ्रँको आणि हकीम हे दोघेही 2021 साली निवर्तले.

मास्तर उठले तेव्हा बराच अंधार झाला होता. चेंडू व शिटी घेऊन जा, असे मी त्यांना मुद्दाम सांगितले नाही. त्यांनीच जाता जाता विचारले, "फादर, ती कच्च्या पायाची स्पर्धा, तिचे नियम नेमके कसे असतील?" मी म्हणालो, "मला ठाऊक असलेला नियम एकच. पक्क्या पायाने चेंडू मारला की तो धरायचा नाही."

दर रविवारी मिस्सानंतर शाळेच्या अंगणात आता हा खेळ चालतो. डाव्या पायाचा नेम अद्याप कोणाचाच बसलेला नाही. धर्मगुरुनिवासाच्या दोन काचा आजवर फुटल्या, आणि तिसरी मी अजून बसविलेलीच नाही.