मृच्छकटिक आणि आमची पद्मिनी

शूद्रकाचें 'मृच्छकटिक' ज्या वाचकांनीं मूळ संस्कृतांत वाचलें नसेल, त्यांना देवलांच्या नाटकामुळें तरी तें ठाऊक असेलच. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून हट्ट धरतो. दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते. ती त्याच्या मनास येत नाहीं, तेव्हां वसंतसेना आपले अलंकार त्या गाडींत घालून त्याची समजूत काढते. हा प्रसंग मीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला. परंतु खेळण्यांतील गाडी हा केवढा गंभीर विषय होऊं शकतो, हें मात्र सेवानिवृत्तीनंतर मला माझ्या पुतण्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाकडून शिकावें लागलें.

गेल्या दिवाळींत ओवाळणीच्या पैशांतून त्यानें एक जपानी पेटी मागविली. किंमत दोन हजारांच्या पुढें. उघडून पाहतों तों आंत गाडी नाहींच! फांदीला कैऱ्या लटकाव्या तसे प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शंभरावर तुकडे, चार रबरी टायर, आणि एक नकाशा. "अरे, इतके पैसे देऊन मोडकी गाडी आणलीस काय?" असें मीं विचारल्यावर तो हंसून म्हणाला, "धाकटे आजोबा, जोडलेली गाडी असती तर ती मीं कशाला घेतली असती?" या उत्तरावर मजजवळ प्रत्युत्तर नव्हतें.

पुढें चौकशी करतां समजलें कीं, या छंदाला चांगला इतिहास आहे. अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत १९४८ सालीं 'एएमटी' नांवाची कंपनी निघाली. नव्या मोटारींच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृति करून त्या मोटार-विक्रेत्यांस पुरवावयाच्या, हा तिचा आरंभींचा धंदा. १९५८ सालीं तिनें घरीं जोडावयाचे संच काढले, आणि एकाच पेटींत तीन गाड्यांची सोय केली: कारखान्यांतून निघते तशी, शर्यतीसाठीं सजविलेली, किंवा आपल्या मर्जीप्रमाणें रूप पालटलेली. त्या काळीं तिकडील तरुण खऱ्या मोटारींचीं छपरें कापून बुटकीं करीत आणि दिवे बदलीत. ज्या पोरांजवळ मोटार नव्हती त्यांनीं तेंच काम टेबलावर केलें. जपानांत शिझुओका येथील तामियांचा मूळ व्यवसाय लांकूड कापण्याच्या गिरणीचा. त्यांतून लांकडी प्रतिकृति, व १९६० पासून प्लास्टिकच्या. २०२५ सालीं नव्वदाव्या वर्षीं निवर्तलेल्या शुन्साकु तामियांनीं १९७६ च्या एका पोर्शच्या संचासाठीं खरी पोर्श गाडी विकत घेऊन ती सुटी केली होती. अशा माणसांना खुळे म्हणावें कीं गुरु, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

कामाची रीत मीं रोज शेजारीं बसून पाहिली. हें प्लास्टिक पॉलिस्टायरीन नांवाचें. तें जोडण्याचा द्रव चिकटवीत नाहीं, तर दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. म्हणून द्रवाचें बोट चुकून दारावर पडलें तर बोटाचा ठसा तेथें कायमचा उमटतो. चौकटीचा उरलेला दांडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला कीं ज्योतीपासून दूर करून ओढावा. केंसासारखा तंतु निघतो, तोच रेडिओची तार म्हणून बसवावयाचा. कांचांना झटपट चिकटणारा गोंद लावूं नये. त्याच्या वाफेनें कांच धुरकट होते, तेथें लांकडाचा पांढरा गोंद चालतो. रंगाचें गणित तर मला फारच आवडलें. चोविसाव्या हिश्श्याच्या गाडीवर रंगाचा थर मिलिमीटरचा एक दशांश जरी बसला, तरी खऱ्या मोटारीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड झाला! म्हणून पातळ हात द्यावयाचे, प्रत्येक हात पूर्ण वाळूं द्यावयाचा, पाणी लावून बारीक पॉलिशपेपरनें घासावयाचें. (रंगाच्या पातळकाचा वास देवघरापर्यंत पोंचल्यामुळें हें काम गच्चीवर न्यावें, असा आमच्या घरांतून हुकूम सुटला. तो सर्वथा योग्य होता. ती वाफ फुफ्फुसांस बाधते. तोंडावर मास्क असावा आणि जागा मोकळी असावी.)

संस्कृतांत 'प्रमाण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक माप, आणि दुसरा यथार्थ ज्ञानाचें साधन. ते दोन अर्थ एकाच शब्दांत कां राहतात, हें मला त्या टेबलाशीं बसून समजलें, आणि तें कांहींसें महागांतहि पडलें.

झालें असें. माझे थोरले बंधु, आमचे दादा, यांची दृष्टि काचबिंदूनें आतां जवळजवळ गेली आहे. त्यांची एक प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील ती गाडी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. 'पद्मिनी' हें नांव तिला १९७४ सालीं मिळालें. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची गेली, ही बातमी मींच दादांना वाचून दाखविली होती. आमची गाडी १९८३ ची, फिकट निळी. ती विकूनहि वीस वर्षें झालीं. पहिली जपानी गाडी दादांच्या हातांत देतांच त्यांनीं ती बोटांनीं चांचपली आणि म्हणाले, "छान आहे, पण ही आपली नव्हे." एवढें वाक्य मुलास पुरलें.

पद्मिनीचा संच कांहीं त्याला मिळाला नाहीं. तेव्हां एका जुन्या चौदारी गाडीच्या संचांतून चाकें, आसनें व तळ घेतला, आणि वरचें सारें अंग प्लास्टिकचे पत्रे कापून, पुट्टी भरून, घासून उभें केलें. खरी गाडी सुमारें ३.९ मीटर लांब. म्हणजे प्रतिकृति सव्वासोळा सेंटिमीटर. दोन महिने लागले. पहिलें छप्पर वांकडें झालें म्हणून टाकून द्यावें लागलें. आणि मग त्यानें आल्बम काढला. १९८८ सालच्या, त्याच्या बापाच्या मुंजीच्या फोटोंत गाडी दारांत उभी आहे, आणि डाव्या मडगार्डला एक पोचा स्पष्ट दिसतो.

"हा कसा पडला?" त्यानें मला विचारलें.

"भाजीवाल्याची हातगाडी रात्रीं लागली." १९८६ पासून हेंच उत्तर घरांत रूढ होतें.

त्यानें भिंग घेतलें, पट्टी घेतली. "धाकटे आजोबा, हातगाडीच्या दांड्यानें खोलगट खळगा पडेल. हा तर उभा चर आहे, वरपासून खालपर्यंत. कशाची तरी उभी कड लागली असली पाहिजे. नक्की काय लागलें तें कळल्याशिवाय मला तो करतां येणार नाहीं."

पोचा करण्याची रीत अशी कीं, प्लास्टिक आंतून घासून पातळ करावयाचें आणि तापविलेल्या चमच्याच्या दांड्यानें हळूच दाबावयाचें. एकदां दाबलें कीं सुधारणें कठीण. चमचा तापत होता. मुलगा माझ्याकडे पाहत होता. दादा पलीकडे आरामखुर्चींत बसले होते.

मीं सांगितलें. दादा गांवीं गेले असतां मीं चोरून गाडी शिकत होतों, आणि फाटकाच्या खांबाला ती घांसली. आईनें त्या भाजीवाल्यास दारांतून हांकलून दिलें, तेव्हां मी ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. त्या दिवशीं शाळेंत सत्यकाम जाबालाची कथा शिकवावयाची होती, ती मीं शिकविली.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग दादा म्हणाले, "रंगावर खांबाचा चुना होता. मीं आल्या दिवशींच पाहिला. भाजीवाल्यालाहि परत बोलावून आणावयास गेलों होतों. तो आला नाहीं."

"मग तुम्ही मला कधीं बोललां कां नाहीं, दादा?"

त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. मुलानें चमचा उचलला, खांबाच्या कडेसारखा उभा धरला, आणि मडगार्डवर टेकविला. गाडी निवल्यावर त्यानें ती दादांच्या हातांत दिली. त्यांचीं बोटें बॉनेटवरून डावीकडे उतरलीं, चरापाशीं थांबलीं, आणि तशींच खिडकींतून आंत शिरूं पाहूं लागलीं.

"गिअरचा दांडा स्टिअरिंगला लावला आहेस ना रे? खालीं जमिनींत लावला असशील तर काढ."