दाण्यामागची तुपाची वाटी

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा आमच्या नरसीत लहान मुलालाही ठाऊक आहे. कोरडी पोळी त्या जिवाला बाधू नये, ही त्यामागची काळजी.

मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा आदेश राज्य सरकारने जुलै 2025 मध्ये दिला आणि महिनाभरात दादरला ताडपत्र्या फाटल्या. वाद श्रद्धा विरुद्ध आरोग्य असा रंगला. माझ्या मते प्रश्न पद्धतीचा आहे. एकाच जागी पोत्याने धान्य ओतले की थवे वाढतात, वाळलेल्या विष्ठेची धूळ माणसाच्या फुप्फुसांत जाते आणि गर्दीत पाखरांचे रोगही फैलावतात. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, मुरुंब्याला, शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या, हे आपण विसरलो काय?

तेव्हा अंगणात ज्वारी-बाजरी मूठभरच टाकावी, उरलेली सायंकाळी झाडून घ्यावी. उथळ परळातले पाणी रोज बदलावे, परळ घासावा. कोंबड्यांचे खाणे-पाणी रानपाखरांपासून वेगळे ठेवावे. खारट फरसाण टाकू नये. त्याहून उत्तम म्हणजे बोर, उंबर, कडुनिंब लावणे आणि विषारी फवारणी आवरणे. कारण चिमणीची पिले अळ्या-किड्यांवर वाढतात.

कयाधूकाठी दाणे टाकणाऱ्याने तुपाची वाटीही आठवावी.