मुदतीच्या तारखा

मुळशी तालुक्यातील कासारसाई हे गाव शहरापासून दूर आहे, असे आज कोणी म्हणणार नाही. एका अंगाला धरणाचा जलाशय, जवळच श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आणि पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती. तालुक्याचे ठिकाण पौड. परंतु दवाखान्यासाठी लोकांचे पाय वळतात ते बहुधा हिंजवडी, वाकड, चिंचवडकडे. नकाशावर हे सारे हाताच्या अंतरावर दिसते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेल्या आणि पुढे हिंजवडीच्या वाहनांच्या रांगेत सापडलेल्या माणसाला ते अंतर वेगळेच वाटते. त्या माणसाच्या पोटात पाचव्या महिन्याचे बाळ आणि मांडीवर दीड वर्षाचे मूल असेल, तर विचारावयासच नको.

मावळ-मुळशीच्या गावांत किराणा, भुसार वा कापडाचे दुकान चालविणाऱ्या घरांतून अशी सून हमखास आढळते. असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे दुकान, मागे घर. सासऱ्यांना मधुमेह, सासूबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, नवरा आठवड्यातून दोनदा मार्केट यार्डात खरेदीला जाणारा. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनांत, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी, सर्वांच्या दवाखान्याच्या तारखा सुनेच्याच अक्षरात लिहिलेल्या असतात. सासऱ्यांची रक्ततपासणी, सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब आणि फेरतपासणी, मुलाचा डोस, मधूनच आलेला ताप. तिची स्वतःची सोनोग्राफीही त्याच पानावर असते. दोन तारखा एकमेकींवर आल्या, गाडी एकच असली किंवा दुकानात गिऱ्हाईक वाढले, की खोडून पुढे ढकलली जाते ती बहुतेक वेळा तिचीच तारीख. ती ढकलण्याचा निर्णय कोणी दुष्टपणाने घेत नाही. पुष्कळदा तीच म्हणते, ‘माझे काय, पुढच्या आठवड्यात जाईन.’ घरातील कोणाला त्यात वावगे वाटत नाही, कारण तिला काही दुखत नसते.

व्यापारी घराला येथे एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. हुंडी दर्शनी असते आणि मुदतीचीही असते. दोन्हींचे कागद सारखेच दिसले, तरी पेढीवर त्यांची नोंद एका रकान्यात कोणी करीत नाही. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने मुदतीच्या बिलाला तीन दिवसांची सवलत दिली आहे. चौथ्या दिवशी ते न पटलेले बिल ठरते. घराघरांतील कॅलेंडरावर मात्र सर्व तारखा एकाच रकान्यात पडलेल्या असतात. कोणती तारीख चार दिवस सरकली तर चालेल आणि कोणती सरकली तर हातची गेली, याची खूण त्यावर नसते.

गर्भवतीच्या तारखा मुदतीच्या असतात, आणि त्या महिन्यांत नव्हे, आठवड्यांत मोजाव्या लागतात. नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत व्हावी. पहिल्या टप्प्यातील विशेष सोनोग्राफीची खिडकी अकराव्या आठवड्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच उघडी असते. त्यानंतर मानेमागील ज्या द्रवाची जाडी मोजावयाची, त्या मोजमापाला अर्थ राहत नाही. बाळाचे हृदय, मूत्रपिंडे, पाठीचा कणा यांची सविस्तर पाहणी साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान होते. त्यात काही आढळलेच तर पुढील तपासण्यांसाठी आणि निर्णयासाठी हातात दिवस हवे असतात. ढकललेला प्रत्येक आठवडा त्या दिवसांतून वजा होतो. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत साखरेची तपासणी येते. सरकारी पद्धतीत पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात. तिला उपाशीपोटी जाण्याची अट नाही, परंतु दोन तास तेथे बसावे मात्र लागते. मांडीवर मूल घेऊन ते दोन तास काढणे किती कठीण, हे ज्या आजीने त्या वेळी नातवाला घरी सांभाळले तिलाच कळेल.

दुसऱ्या खेपेला ‘पहिल्या वेळी सारे ठीक झाले होते’ हा शब्द फार ऐकू येतो. त्यावर विसंबू नये. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर धोका पहिल्यापेक्षा दुसऱ्या बाळाला अधिक. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन देतात, आणि जन्मलेल्या बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास बहात्तर तासांच्या आत पुन्हा देतात. धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचेही तसेच. आधीच्या गरोदरपणातील दोन्ही मात्रा तीन वर्षांच्या आत घेतल्या असतील, तर या खेपेस एकच पुरते. पण हे डॉक्टरांना सांगायचे कशाच्या आधारे? पहिल्या वेळचे माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवले असेल तरच.

मुलाच्या लसींना त्या मानाने सवड असते. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि त्रिगुणी व पोलिओची वर्धक मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. आठ महिन्यांच्या या अवकाशात ती आईच्या एखाद्या फेरीला जोडून सहज बसते. सासऱ्यांच्या तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही; ती आठवडाभर मागेपुढे झाल्याने बिघडत नाही आणि रक्ताचा नमुना घरी येऊन नेणाऱ्या प्रयोगशाळाही पुष्कळ झाल्या आहेत. उलट सासूबाईंच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशीची तपासणी टाळून चालत नाही. वडीलधाऱ्यांच्या साऱ्याच तारखा सरकवाव्यात, असे येथे म्हणणे नाही. कोणती तारीख कोणत्या जातीची, हे डॉक्टरांना एकदा विचारून तिच्यापुढे लिहून ठेवावे, इतकेच.

जैन घरांत आणखी एक अडचण आहे आणि ती क्वचितच कोणी डॉक्टरांच्या कानावर घालतो. खासगी दवाखान्यांची दुसरी पाळी बहुधा संध्याकाळी सहानंतर सुरू होते. दुकानाच्या माणसाला ती सोयीची म्हणून वेळ संध्याकाळचीच घेतली जाते. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणारी सून दुपारी जेवून निघते, दवाखान्यात तिचा क्रमांक आठाला लागतो, परत येईपर्यंत रात्र होते. दुपारच्या घासानंतर सकाळच्या नवकारशीपर्यंत तिच्या पोटात अन्नही नाही आणि पाणीही नाही. तिच्या सोबतीचे सारे त्यागाचे कौतुक करतात. पोटातील बाळाने कोणतेही पच्चक्खाण घेतलेले नसते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. यावर उपाय सोपा आहे. तिची वेळ सकाळच्या पाळीची घ्यावी आणि दुकान त्या दिवशी दुसऱ्याने उघडावे. लोहाची गोळी ‘रात्री झोपताना’ लिहून दिली असेल, तर ती दिवसा कशी बसवावी हे डॉक्टरांना विचारावे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, चहाबरोबर तर नाहीच, एवढे ध्यानात ठेवले की दिवसाच्या उजेडात दोन्ही बसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांनी आपण त्या आकड्याबाहेर आहोत असे गृहीत धरू नये. व्रताचा प्रश्न असेल तेथे महाराजसाहेबांना वा महासतीजींना विचारावे. पच्चक्खाणात आगार कशासाठी ठेवले आहेत, हे ते अधिक चांगले सांगतील.

दुसऱ्याच्या तारखेला सोबत म्हणून जाणे हेही तिच्याकडेच येते. पडलेल्या मुलाचा हात दुखावला म्हणून क्ष-किरण चित्र काढावयाचे असते आणि मूल आईशिवाय शांत राहत नाही. अशा वेळी गर्भवतीने त्या खोलीत उभे राहू नये. मुलाला धरण्यास वडील, काका, आजोबा कोणीतरी बरोबर असावे. घरात किंवा शेजारी कांजिण्या निघाल्या असतील, तर दवाखान्याच्या बाकावर त्या रुग्णाशेजारी तिला बसवू नये. तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का, हे तिच्या आईला आधीच विचारून ठेवलेले बरे.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. घरच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या सुनेसाठी असा कोणताही कायदा नाही. तिची रजा मंजूर करणारे घरातच बसलेले असतात. सरकारी सोयी मात्र तिलाही खुल्या आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रांत, दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. सधन घरे तिकडे फिरकत नाहीत. नेहमीची तपासणी खासगी डॉक्टरांकडे चालू असली, तरी गावच्या आशाताईंकडे नाव नोंदवून ठेवण्यात कमीपणा काहीच नाही, आणि न बदलणारी तारीख हा केवढा मोठा फायदा, हे चुकलेल्या तारखा मोजणाऱ्याला पटेल.

तारखा कोणी सांभाळाव्यात, हा खरा प्रश्न. आठ महिन्यांसाठी तरी ही वही सुनेकडून काढून घ्यावी. ज्या घरात उधारीची तारीख एक दिवसही कोणी विसरत नाही, त्या घरात हे काम करण्यास माणूस नाही असे होऊ शकत नाही. सासरे दुकानात बसून खतावणी पाहतातच; कालनिर्णयाचे पान त्यांच्याकडे द्यावे. सुनेच्या तारखा आधी लाल शाईने लिहाव्यात, आठवड्याच्या आकड्यासह. बाकीच्या त्यांच्या आजूबाजूला बसवाव्यात. प्रत्येकाची पिशवी निराळी असावी. तिच्या पिशवीत जुने कार्ड, रक्तगटाचा कागद आणि ओळखपत्र असावे. सोनोग्राफीच्या वेळी कायद्याने अर्ज भरून द्यावा लागतो आणि ओळखपत्र घरी राहिले तर सारी फेरी वाया जाते. पुण्यात राहणारी नणंद महिन्यातून एकदा आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊ शकते. मार्केट यार्डाची खरेदी एखाद्या वेळी दिवसभर उशिरा झाली म्हणून भुसार नासत नाही.

काही प्रसंगांना तारीख नसते. रक्तस्राव, पाणी जाणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर एकाएकी सूज, झटका, बाळाची हालचाल मंदावणे. यांतील काहीही झाल्यास उद्याच्या क्रमांकाची वाट पाहू नये. १०८ हा क्रमांक कालनिर्णयाच्या त्याच पानावर मोठ्या अक्षरात असावा. त्याखाली, रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांक असावेत. साखर कारखाना चालू असतो तेव्हा उसाच्या गाड्या चुकवून कोणत्या वाटेने लवकर पोहोचता येते, हे त्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे.